दुसरी काठी

"पप्पा, दुसरी काठी घेतली तर तुम्हांला काय वाटेल?"

२०२३ सालच्या जुलै महिन्यात, कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, राइस लेक नावाच्या सरोवराच्या किनाऱ्यावर आमच्या जावयांनी मला हा प्रश्न विचारला. काठी म्हणजे मासे गरवण्याची काठी. दोरा गुंडाळून ठेवणारे रीळ तिच्या जोडीला ओघाने आलेच. एक काठी आणि एक रीळ त्यांच्यापाशी आधीपासून होते, किंबहुना त्या क्षणी ते त्यांच्या हातातच होते. सासऱ्याची परवानगी घ्यावी असे त्यात खरे पाहता काही नव्हते. पैसा त्यांच्या कष्टाचा, छंदही त्यांचाच. परंतु आदल्या रात्री जेवताना हाच विषय निघाला होता. "एक आहे ना? दोन हातांत दोन काठ्या धरणार आहात का?" असे आमच्या कन्येने विचारले होते आणि तो खटला आता वरच्या न्यायालयात, म्हणजे माझ्याकडे, आला होता. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे निवाडा देण्याची मला खोड आहे. मी तो तेथल्या तेथे दिला.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले आणि आम्ही काय करावे असे त्यांनी विचारले, तेव्हा त्याने दोन अंगरख्यांची गोष्ट सांगितली, हे लूकच्या शुभवर्तमानातून आपण सर्वांनी ऐकले आहे. मी तिचाच दाखला दिला. एकात ज्याचे भागते त्याने दुसऱ्याचा मोह का धरावा, असेही वर जोडले. जावई हसले, "बरोबर आहे, पप्पा" म्हणाले आणि पाण्याकडे वळले. विषय संपला. मला फार बरे वाटले. शुभवर्तमानातला दाखला ऐन वेळी आठवला की जे समाधान होते, ते प्रार्थनेतल्या समाधानाशी इतके मिळतेजुळते असते की माणसाने त्यापासून जपून राहावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

राइस लेक टोरंटोपासून मोटारीने दीड-एक तासाच्या अंतरावर आहे. सरोवर उथळ आणि पाणवनस्पतींनी भरलेले. 'राइस' हे नाव ऐकून मी वसईचा माणूस मोहरलो होतो. पण तो भात आपला नव्हे. पाण्यात आपोआप उगवणाऱ्या एका गवताचे ते लांबट, काळपट दाणे. तेथील मूळचे रहिवासी, अनिशिनाबे लोक, पिढ्यानपिढ्या होड्यांत बसून ते धान्य गोळा करीत आले आहेत. पुढे बंधारे बांधून पाण्याची पातळी वाढवण्यात आली आणि ती शेते बहुतांशी बुडाली. नाव तेवढे राहिले.

या सरोवरात बास नावाचा मासा आहे. बास दोन जातींचा, एक मोठ्या तोंडाचा आणि एक लहान तोंडाचा. दोघेही गोड्या पाण्यातले. आपल्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजी बोलणारे लोक एक प्रकारचा बासच म्हणतात, पण नावापलीकडे या दोघांचे काही नाते नाही. मोठ्या तोंडाचा बास पाणकमळांच्या पानांखाली, बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत, दबा धरून बसतो आणि जवळून काही हलले की झडप घालतो. वसंतात नर तळाशी खळगा करून घरटे बनवतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि पुढे अंड्यांची व पिलांची राखण नर एकटा करतो. त्या दिवसांत तो स्वतः फारसे खात नाही. तरीही समोर गळ आला तर त्यावर तुटून पडतो, भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी. त्याला उचलून नेले की काही मिनिटांतच इतर मासे त्या घरट्यावर येतात. म्हणूनच तेथील सरकारने जूनच्या उत्तरार्धापर्यंत बास गरवण्यास बंदी ठेवली आहे. आपल्या बापपणामुळे फसणाऱ्या प्राण्याला कायद्याने दिलेले हे अभय मला मोठे लोभस वाटले.

परवानेही तेथे दोन प्रकारचे असतात. पूर्ण परवान्यावर त्या भागात दिवसाला सहा बास ठेवून घेता येतात. दुसरा, थोडा स्वस्त, संवर्धनाचा परवाना, त्यावर फक्त दोन. आमच्या जावयांनी दुसरा घेतलेला. तेही दोन ते क्वचितच घरी आणत. बहुतेक मासे गळ काढून पुन्हा पाण्यात सोडून देत. माझ्यापाशी कोणताच परवाना नव्हता, त्यामुळे मला काठीला हातही लावता येत नव्हता. मी घडीच्या खुर्चीत जपमाळ घेऊन बसत असे. ज्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले नाही असा न्यायाधीश म्हणून मी अगदी योग्य जागी बसलो होतो.

आणखी एक नियम होता आणि तो मला माझ्याच बाजूचा वाटला. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याने एका वेळी एकच दोरा पाण्यात सोडायचा असतो. मग दुसरी काठी कशाला? ती गवतावर आडवी पडून राहण्यापलीकडे काय करणार? माझ्या मते प्रश्न येथेच निकालात निघत होता.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा त्याच किनाऱ्यावर होतो. जावयांची काठी साडेसहा फुटांची, मध्यम ताकदीची. खाली लटकणारे साधे स्पिनिंग रीळ, त्यावर आठ पौंड ताण सोसणारा दोरा. पाच ते दहा ग्रॅमची हलकी आमिषे मोकळ्या पाण्यात दूर फेकायला हे साहित्य उत्तम. पण ऑगस्टपर्यंत मोकळे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकलेले असते. हाताच्या टप्प्यात होती ती पाणकमळांची पाने आणि त्यांच्या खाली दोराएवढ्या जाड देठांचे जंगल. त्या पानांच्या एका फटीत त्यांनी आमिष टाकले. पाणी एकदम फुगले, पाने उलटली आणि काठी अर्धवर्तुळासारखी वाकली. मासा मोठा होता. तो सरळ खाली, देठांत शिरला. जावई काठी उचलू पाहत होते, पण मध्यम ताकदीच्या काठीत माशाला देठांतून उपसून काढण्याइतका जोरच नसतो. ती नुसती वाकते. दोरा एका देठाला वेढला, मग दुसऱ्या. मग तो तुटला. तुटला तो माशापाशी नव्हे, अलीकडे, पानांच्या कडेला.

एखादा मासा निसटला याचे गरवणाऱ्याला नेहमीच वाईट वाटते. ते मी धरून चाललो होतो. पण जावई निसटलेल्या माशाकडे पाहत नव्हते. पानांमधून दोऱ्याचे एक टोक वर आले होते आणि ते हलत होते. मासा निसटला नव्हता. तोंडात गळ आणि देठांना दोरा, असा तो खाली बांधला गेला होता. जावयांनी बूट काढले आणि ते पाण्यात उतरले. तळ गाळाचा. चार पावलांत कमरेपर्यंत रुतले, तेव्हा मी ओरडून त्यांना परत बोलावले. आसपास होडी नव्हती. आम्ही दोघे बराच वेळ तेथे उभे राहिलो. दोरा हलत होता. काही वेळाने तो थांबला. मासा सुटला की दमला, ते आम्हांला कळणे शक्य नव्हते. घरी परततानाच्या दीड तासात जावई माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री माझ्या जुन्या सवयीप्रमाणे मी झोपण्यापूर्वी तेविसावे स्तोत्र म्हटले आणि चौथ्या ओवीपाशी अडखळलो. त्या मेंढपाळाच्या हातात दोन वस्तू आहेत. एक आखूड सोट्यासारखी, लांडग्याला हाकलण्यासाठी. दुसरी लांब, मेंढराला वळवण्यासाठी आणि स्वतःला टेकण्यासाठी. हे मी पन्नास वर्षे म्हणत आलो आहे आणि एकदाही मला असे वाटले नाही की, अरे, या माणसाला एका काठीत का भागत नाही? न वाटण्याचे कारण उघड होते. त्याची दोन कामे होती. लांडग्यासाठी बनवलेला सोटा मेंढराच्या गळ्यात अडकवता येत नाही.

येथून पुढे मला झोप आली नाही. आणि जे विचार आले तेच वाचकांपुढे मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी की शुभवर्तमानाचे लेखकही काठीच्या प्रश्नावर एकमुखी नाहीत. प्रभूने बारा जणांना दोघा-दोघांनी पाठवले तेव्हा बरोबर काय घ्यावे याची सूचना दिली. मार्क सांगतो की काठी तेवढी घ्यायची, बाकी काही नाही. मत्तय आणि लूक सांगतात की काठीसुद्धा नाही. पंडितांनी या विसंगतीवर पुष्कळ लिहिले आहे. मला त्यातून एवढेच दिसते की अगदी पहिल्या पिढीतही, अगदी प्रभूचा शब्द कानांत ताजा असतानाही, एका काठीची गरज आहे की नाही हे सर्व ठिकाणी सारखेच लागू होईल अशा रीतीने लिहून ठेवता आले नाही. वाट खडकाळ असेल तर काठी लागते.

आणि गळाचा उल्लेख? चारही शुभवर्तमानांत मासे आहेत, जाळी आहेत, होड्या आहेत. पण गळ एकदाच येतो. कफर्णहूमला मंदिराच्या कराचा प्रश्न निघाला तेव्हा प्रभूने पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायला सांगितले. पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांचा कर म्हणून भरायचे. पेत्र जन्माचा जाळ्याचा कोळी. त्याच्या होडीत जाळी होती. तरीही या कामासाठी प्रभूने त्याला जाळे टाक म्हटले नाही. एकच मासा हवा होता; एका माशाचे साधन वेगळे आणि होडीभर माशांचे वेगळे. पेत्राच्या घरी गळ आधीपासून होता की त्याने शेजाऱ्याकडून मागून आणला, हे मत्तयने लिहिलेले नाही. असता तर तो पेत्राचे 'दुसरे' साधन ठरला असता. आम्ही त्यालाही दोन अंगरख्यांची गोष्ट ऐकवली असती काय?

सकाळी मी कन्येला म्हणालो की माझा निवाडा चुकला असावा. ती आपल्या आईसारखीच तर्काला पक्की आहे. म्हणाली, "त्यात दुसऱ्या काठीचा काय संबंध? त्या काठीला पाने झेपत नाहीत, तर पानांत टाकू नये. एवढेच ना?" हे उत्तर मला खोडून काढता आले नाही आणि आजही येत नाही. ज्या कामाला आपले साधन पुरे पडत नाही ते काम सोडून देणे, हाही एक मार्ग आहे. बहुधा तोच अधिक संतांचा मार्ग. जावयांनी मात्र एक गोष्ट ध्यानात आणून दिली. होडीवाला पाणी निवडतो. पाने नकोत तर तो खोल पाण्यावर जातो, दगड हवेत तर दगडांवर. त्याच्या होडीत आठ-आठ काठ्या पडलेल्या असतात ते निराळेच. सरोवराभोवतीचा बराच किनारा बंगल्यांच्या खासगी अंगणांत गेलेला आहे. ज्याच्यापाशी होडी नाही आणि बंगलाही नाही, त्याच्या वाट्याला सार्वजनिक किनाऱ्याचा जो तुकडा येतो तो त्याने निवडलेला नसतो. तेथे पाने असतील तर पाने.

हा मुद्दा मासेमारीपुरता नाही, असे मला वाटते. ज्याला जागा निवडता येते त्याचे थोड्या साधनांत भागते. मळेवाल्याचे विहिरीवर भागते. ज्याच्या नळाला एक दिवसाआड पाणी येते त्याला पिंपे लागतात, आणि मग त्याच्या घरातली पिंपे मोजून आपण त्याला साठेबाज म्हणतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दानधर्माचा विचार करताना 'आवश्यक' या शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत. एक, ज्यावाचून जगणेच अशक्य; दुसरा, ज्यावाचून आपल्या स्थितीला आणि जबाबदाऱ्यांना साजेसे जगता येत नाही. आणि या दुसऱ्या अर्थाबद्दल त्यांनी एक मोठी समजूतदार गोष्ट म्हटली आहे: ती मर्यादा एखाद्या बिंदूसारखी नेमकी नसते. तिच्यात पुष्कळ भर घातली तरी ती ओलांडली असे म्हणता येत नाही, आणि पुष्कळ काढून घेतले तरी उरलेले पुरते. इतका काटेकोर माणूस, प्रत्येक प्रश्नाच्या आक्षेपांना क्रमांक घालून उत्तरे देणारा; पण येथे त्यांनी आकडा दिला नाही. मी दिला होता. एक.

जावयांच्या काठीलाही हेच लागू पडते. दुसरी काठी पहिल्या अर्थाने आवश्यक नाही. ती नसली तर कोणी मरत नाही, निदान माणूस तरी. मध्यम आणि जड यांच्या मधली एखादी काठी घेऊन दोन्ही कामे कशीबशी उरकणारे लोकही त्या किनाऱ्यावर मी पाहिले आहेत. तेव्हा ती अटळ आहे असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु ती चैन आहे असे मी म्हटले होते, तेही तितकेच खोटे होते. जड काठी, जाड दोरा, म्हणजे मासा लवकर बाहेर येतो, फार दमत नाही आणि सोडल्यावर जगण्याची शक्यता अधिक असते. बारीक दोऱ्यावर माशाला बराच वेळ झुंजवण्यात कौशल्य आहे असे मानणारे लोक आहेत. ऑगस्टच्या कोमट पाण्यात त्या कौशल्याची किंमत मासा भरतो. म्हणजे दुसऱ्या काठीचा प्रश्न 'मला किती हवे' एवढाच नव्हता. माझ्या अपुऱ्या साधनाचे ओझे कोण वाहते, हाही त्यात होता. माझ्या उपदेशाचा साधेपणा मोफत नव्हता. त्याचे मोल पाण्याखाली कोणी तरी दिले.

यावर एखादा वाचक म्हणेल, इतकी माशाची काळजी तर मुळात गरवायचेच कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. खाण्यासाठी मासा मारण्याबद्दल आपल्या घरांत कोणाला प्रश्न पडत नाही. पण पकडून सोडून देण्यासाठी पकडणे, हा निव्वळ खेळ झाला. खेळासाठी दुसऱ्या जिवाला दुखवावे काय? मी याचे उत्तर देऊ शकेन असे मला वाटत नाही. एवढे सांगतो की आमचे जावई आठवड्याचे पाच दिवस रात्रपाळी करतात. मालाच्या गोदामात, खिडकी नसलेल्या. शनिवारची ती सकाळ म्हणजे त्यांना आठवड्यात मिळणारे एकमेव आकाश. लहानपणी वसईत बावखलाच्या काठावर, बांबूच्या काठीला दोरा आणि गरी बांधून, गांडूळ लावून ते तासन् तास बसत. ते बावखल आता बुजवले गेले आहे. जे माणसाला आठवड्यातून एकदा पुन्हा माणूस करते ते गरजेत मोडते की चैनीत?

पुन्हा संत थॉमस यांच्याकडे वळावे लागते. खेळात सद्गुण असू शकतो का, असा प्रश्न त्यांनी विचारला आहे आणि असू शकतो असे उत्तर दिले आहे. तेथे ते कॅसियनच्या ग्रंथातली एक गोष्ट सांगतात. शुभवर्तमानकार संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असताना काहींनी पाहिले आणि त्यांना ते रुचले नाही. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले. एक, मग आणखी, मग आणखी. असे सतत करता येईल का, असे विचारताच तो म्हणाला की धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच, असे योहानाने त्याला समजावले. ओढलेले धनुष्य आणि वाकलेली काठी यांत फारसे अंतर नाही. खेळात वाहवत जाणे हाही दोष आहे, हे संत थॉमस त्याच प्रकरणात सांगतात; आम्हां शिक्षकांना तेवढाच भाग पाठ असतो.

मला यात एक जुनी खोट दिसते आणि ती माझ्या एकट्याची नसावी. कामाच्या हत्याराला आपण कधी हिशेब विचारत नाही. सुताराच्या पेटीत रंधे किती, शेतकऱ्याकडे कोयता असताना विळा कशाला, कोणी मोजत नाही. आपल्या प्रत्येक घरात भाकरीचा तवा वेगळा आणि मासे तळायचा वेगळा असतो. माशाच्या तव्यावर भाकरी भाजली तर तीच कन्या मला काय म्हणेल ते मी जाणतो. हिशेब विचारतो तो खेळण्याला. आणि विचारतो तोही दुसऱ्याच्या खेळण्याला. वसईला परतल्यावर मी माझे कपाट उघडले. शब्दकोश पाच. त्यांतले दोन मी गेल्या दहा वर्षांत उघडलेलेही नाहीत. चष्मे तीन, पेने मोजली नाहीत. त्या कपाटासमोर मला योहान बाप्तिस्ता कधी आठवला नव्हता.

योहानाचे ते वचन मी तेव्हा पुन्हा काढून वाचले. त्यात दोन अंगरखे बाळगणाऱ्याला नुसते दटावलेले नाही. त्यात एक तिसरा माणूस आहे: ज्याच्यापाशी एकही नाही तो. सारे वचन त्याच्यासाठी आहे. मी दाखला देताना त्यालाच गाळले होते. जावयांनी काठी घेतली नाही म्हणून उरलेले पैसे कोणा उघड्या माणसाच्या अंगावर घालावेत, असे मी सुचवलेही नव्हते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हेच अधिक सरळ मांडले आहे: गरज आणि स्थितीला साजेसे राहणे भागल्यावर जे उरते त्यातून गरिबांना देणे हे कर्तव्य आहे. देणे नसेल तर नुसते न घेणे हे काटकसरीत जमा होते, पुण्यात नाही.

मात्र दुसऱ्या काठीची बाजू मांडता मांडता मी तिसरीची आणि चौथीची वाट मोकळी करून देतो आहे की काय, ही भीती मला आहे आणि ती खोटी नाही. ज्या युक्तिवादाने दुसरी मिळाली, त्याच युक्तिवादाने प्रत्येक आमिषाला एक काठी मिळू शकते. दुकानदार हे आपल्यापेक्षा चांगले जाणतो. चौथ्या शतकातले बिशप संत बासील यांनी श्रीमंतांना उद्देशून केलेल्या उपदेशात घरात पडून कुजणाऱ्या जोड्यांचा उल्लेख आहे. ते जोडे अनवाणी माणसाचे आहेत, असे त्यांचे म्हणणे. मला ही कसोटी उपयोगी वाटते, कारण तिच्यात आकडा नाही, कुजणे आहे. पडून राहिलेली पहिली काठीसुद्धा तिच्यात सापडते. मग एका वेळी एकाच दोऱ्याला मुभा असलेल्या किनाऱ्यावर, गवतात पडलेली ती दुसरी काठी? तिचे काय? तास-दीड तासाने तिची पाळी येते म्हणून ती पडून राहिलेली नाही, असे जावयांचे म्हणणे. मी ते मान्य केले आहे; पण पूर्ण समाधान झाले आहे असे सांगत नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, माझ्या परतीच्या आठवडाभर आधी, मीच म्हणालो की चला, काठी पाहून येऊ. कन्येने मान हलवली, पण मोटारीत तीही बसली. दुकानात काठ्यांच्या भिंतीच्या भिंती. जावई एकेक काठी उचलून मनगटावर तोलत होते, टोक छताला लावून वाकवून पाहत होते. अखेर सात फुटांची, मध्यम-जड ताकदीची, टोकाशी चटकन वाकणारी आणि खालून ताठ अशी एक त्यांनी निवडली. दहा ते अठ्ठावीस ग्रॅमची आमिषे तिला चालतात असे तिच्या दांड्यावर छापले होते. पानांवरून सरकत जाणारा पोकळ रबरी बेडूक तिला नीट झेपेल. रीळ काठीच्या वर बसणारे, बेटकास्टिंगचे. त्याला अंगठ्याने आवरावे लागते, नाही तर दोऱ्याचा असा गुंता होतो की निम्मी सकाळ तो सोडवण्यात जाते. त्यावर तीस पौंडांचा विणीचा दोरा. किंमत बेताची. त्याच भिंतीवर तिच्या चौपट किमतीच्या काठ्या होत्या आणि जावयांनी त्यांना हात लावला नाही, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. मी पाहतो आहे हे त्यांच्याही नजरेतून सुटले नसावे.

परत येताना त्यांनी सहज सांगितले की शेजारचा बारा वर्षांचा एक मुलगा कधीपासून बरोबर यायचे म्हणतो आहे. अठराच्या आतल्या तिथल्या मुलांना परवाना विकत घ्यावा लागत नाही. आता जुनी काठी त्याच्या हातात देता येईल. कन्या म्हणाली, "म्हणजे पुन्हा तुमच्याकडे एकच राहणार. मग पानांत नसेल टाकायचे त्या दिवशी काय कराल?"

जावयांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.